वहीतला भाव

त्यानं वही उघडली, एक कोरं पान काढलं, डाव्या बाजूला ६५०० असा आकडा लिहिला आणि पेन माझ्या हातात दिलं. "आता तुमचा," इंग्रजीत एवढंच म्हणाला आणि बाजूला उभा राहिला.

वही शाळकरी होती, गणिताची असते तशी चौकटींची. कोरं पान शोधताना त्यानं मागची पानं उलटली ती मला दिसली होती. प्रत्येक पानावर आकड्यांच्या दोन उतरंडी. डावीकडचे आकडे मोठे, खालीखाली लहान होत गेलेले; उजवीकडचे लहान, खालीखाली वाढत गेलेले. जिथं दोन्ही भेटले तिथं त्या आकड्याभोवती पेनानं गोल. काही पानांवर गोल नव्हताच. दोन्ही उतरंडी मधेच थांबलेल्या.

नैरोबीहून मासाई माराकडे निघालं की लिमुरूच्या पुढं रस्ता एकदम कड्यावर येतो. खाली ग्रेट रिफ्ट व्हॅली पसरलेली. समोर लोंगोनोट ज्वालामुखीचा तुटका माथा. उतरणीच्या तळाशी माई माहियू गाव, आणि त्याच्या अलीकडे रस्त्याला लागून इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ मध्ये बांधलेलं इवलंसं चर्च. जुलैचा महिना होता, पण आठ हजार फुटांच्या आसपासच्या त्या कड्यावर धुकं होतं आणि थंडी अशी की पुण्याहून गेलेले आम्ही सहाजण गाडीतून उतरायलाच तयार नव्हतो. युगांडाकडे जाणारे ट्रक घाटातून घरघरत होते. कड्याच्या टोकावर लाकडी फळ्यांचे गाळे दाटीवाटीनं उभे. बाहेर मेंढीच्या कातड्याच्या टोप्या, लाल चौकड्यांच्या मासाई शुका, आत मांडणीवर प्राण्यांची फौज. इथं गाड्या थांबतात त्याचं पहिलं कारण स्वच्छतागृह, दुसरं फोटो. तिसरं कारण हे गाळे, आणि ड्रायव्हरचं त्यात काय असतं ते मला नंतर कळलं.

भाव करायचा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको असं मला वाटत होतं. मंडईत, तुळशीबागेत वाढलेली मी. आईबरोबर जाऊन "शेवटचं सांगा", "परवडत नाही", "राहू द्या मग" हे सगळं ऐकत मोठी झाले. दोन पावलं पुढं जायचं, मागून हाक येते. पण इथं पहिल्याच वाक्याला मी चुकले. गाळ्यात शिरल्या शिरल्या एक वस्तू उचलून विचारलं, "कितीला?" त्यानं उत्तरच दिलं नाही. हसून म्हणाला, "हाबारी?" म्हणजे कशा आहात, काय खबर. आपली खबरच ती. "न्झुरी," असं उत्तर द्यायचं असतं, छान. मग त्यानं विचारलं कुठून आलात, प्रवास कसा झाला, थंडी वाजते का. हे सगळं झाल्यावरच किमतीचा विषय. आधी मला ती विक्रेत्याची गोडबोली वाटली. मग पाहिलं, शेजारच्या गाळ्यातली बाई चहाची किटली घेऊन आली, तिच्याशीही तो याच क्रमानं बोलला. घाई होती ती फक्त माझी.

तो मला "दादा" म्हणाला. आमच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांना "काका" म्हणाला, आणि ते खूशच झाले. याला मराठी येतं की काय! स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, आणि मामा म्हणजे आई. किटलीवाल्या बाईंना सगळा बाजार "मामा" म्हणत होता. बाबा मात्र दोन्हीकडे बाबाच. नात्यांचे हे शब्द कानाला सारखे लागतात, आणि बाजाराचे शब्द तर खरोखरच एकमेकांच्या गोतावळ्यातले आहेत. पेसा म्हणजे पैसा, दुका म्हणजे दुकान, फायदा म्हणजे फायदाच, हेसाबू म्हणजे हिशोब, दलाली म्हणजे दलाल. काही अरबस्तानातून दोन्हीकडे गेले, काही आपल्या किनाऱ्यावरून गलबतांत बसून तिकडे उतरले. गाळ्याच्या फळीवर हिरव्या रंगात एम-पेसाचा क्रमांक रंगवलेला होता. मोबाइलवरून पैसे पाठवायची ही सोय केनियात २००७ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या नावात आपला पैसा बसलेला आहे हे पाहून मला उगाच आपलेपणा वाटला.

मी उचललेली वस्तू म्हणजे एक गेंडा. वीतभर लांब, काळा, मान खाली घातलेला.

"एबनी," तो म्हणाला. मग आपल्या भाषेतलं नाव सांगितलं, म्पिंगो.

या लाकडाविषयी मी वाचून गेले होते. नावाला एबनी म्हणत असले तरी म्पिंगो हे आपल्या शिसवीच्या कुळातलं झाड, वनस्पतिशास्त्रात दोघांचं एकच गोत्र, डालबर्जिया. आजोळी शिसवीचा देव्हारा आहे, तो दोघांशिवाय हलत नाही. म्पिंगो त्याहूनही जड, पाण्यात टाकलं तर बुडतं. क्लॅरिनेटसारखी वाद्यं याच लाकडाची करतात. झाड फार सावकाश वाढतं, आणि जुनं म्पिंगो मिळेनासं झाल्यानं बाजारात आता बरंचसं काम जॅकरंडाचं असतं. जॅकरंडा पांढरट आणि हलकं. त्याला काळं बूटपॉलिश चोळलं की लांबून ओळखू येत नाही. समुद्रकिनाऱ्याकडे कडुलिंबाचं लाकूडही कोरतात. आपल्याकडून तिकडे गेलेल्या या झाडाला स्वाहिलीत म्वारोबाइनी म्हणतात, चाळीस रोगांवरचं झाड.

तेव्हा मी गेंडा आधी हातात तोलला. जड होता. मग पर्समधला पांढरा रुमाल काढून पोटाखाली घासला. रुमाल स्वच्छ राहिला. त्यानं हे सगळं पाहिलं आणि स्वतःच गेंडा उलटा करून पायाचा तळवा दाखवला. तिथं करवतीची खूण होती आणि आतलं लाकूड तसंच काळं, जांभळट झाक असलेलं. मग मांडणीवरचा एक जिराफ काढून माझ्या रुमालावर घासला. काळा पट्टा उमटला. "हा जॅकरंडा. हा स्वस्त." त्यानं जिराफ परत ठेवला. फसवायचं असतं तर हे करायची त्याला काही गरज नव्हती.

आणि मग मला ते शिंग दिसलं. म्पिंगोच्या खोडात मधला गाभा काळा असतो आणि सालीलगतचा थोडा भाग फिकट, पिवळसर. कारागिरानं लाकूड असं फिरवून धरलं होतं की बाकी सगळा गेंडा काळ्या गाभ्यातून निघाला आणि पुढच्या शिंगाचं टोक तेवढं त्या पिवळ्या पट्ट्यात आलं. जोडकाम नाही, रंग नाही. एकाच लाकडात काळं संपून पिवळं सुरू होत होतं, गव्हाच्या दाण्याएवढ्या टोकावर. कोरायला सुरुवात करण्याआधीच त्या माणसाला ओंडक्यात शिंग कुठं आहे हे दिसलेलं असणार.

लाकूड कोरणं हे केनियात मुख्यतः अकांबा लोकांचं काम. वामुन्यू गावचे मुतिस्या मुंगे पहिल्या महायुद्धात टांगानिकात गेले, तिथं हे कोरीवकाम शिकले आणि परत येऊन गावाला शिकवलं. तिथून हा धंदा वाढला, मोंबासा आणि नैरोबीत कारागिरांच्या सहकारी संस्था निघाल्या. कड्यावरच्या गाळ्यात वस्तू येते ती अशी तीन-चार हातांतून. विकणारा माणूस कोरणारा नसतो.

तर पेन माझ्या हातात होतं. हजार शिलिंग म्हणजे साधारण साडेसहाशे रुपये, तेव्हा ६५०० म्हणजे चार हजारांच्या वर. निघण्यापूर्वी प्रत्येकानं सल्ला दिला होता, सांगतील त्याच्या पावपट मागा, तिकडे असंच असतं. मी १५०० लिहिलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा गेंडा घ्यायचाच नव्हता. पहिलाच दिवस, पहिलाच गाळा. पुढं भाव काय आहेत ते कळावं म्हणून नुसतं चाचपून पाहायचं होतं.

त्यानं ५५०० लिहिलं. मी १५०० वर बोट ठेवलं. "पुंगूझा किदोगो," थोडं कमी करा, हे दोन शब्द मी विमानात पाठ केले होते. तो हसला. ४५०० लिहिलं. मी परत १५०० वरच बोट. शेजारच्या गाळ्यातला पोरगा मान लांब करून पाहत होता, तशी त्यानं वही छातीशी धरली. तेव्हा मला कळलं की आकडे लिहायचे कशाला. भाषेची अडचण हे अर्धंच कारण. बोललेला भाव शेजाऱ्याला ऐकू जातो, लिहिलेला जात नाही. आपल्याकडे बैलबाजारात उपरण्याखाली हात धरून बोटांनी भाव करायचे ते याचसाठी. चारचौघांत उभं राहायचं, पण आकडा दोघांतच ठेवायचा.

"तुम्ही आज पहिल्या," तो म्हणाला. "फर्स्ट कस्टमर." सकाळचे साडेआठ झाले होते.

मी ऐकलं आणि सोडून दिलं. असं तर सगळेच म्हणतात.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तो वहीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "सावा." ठीक आहे. आणि माझ्या १५०० भोवती गोल काढला. गेंडा कागदात गुंडाळायला घेतला.

मी "नको, परत येताना घेते" असं काहीतरी पुटपुटले आणि गाडीकडे गेले.

गाडी सुरू झाली तेव्हा तो काचेपाशी आला. ओरडला नाही, हात आपटला नाही. वही उघडून काचेला टेकवली, ते पान माझ्याकडे करून. मी मान हलवली. गाडी उतरणीला लागली.

घाट संपेपर्यंत ड्रायव्हर काही बोलला नाही. माई माहियू मागं पडल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्ही आकडा लिहिलात. त्यानं हो म्हटलं. मग ती वस्तू तुमची झाली." मी म्हटलं, भाव तर सगळेच करतात. तो म्हणाला, करायलाच पाहिजे, न करणाऱ्याला आम्ही हसतो. पण आकडा बोलायचा तो द्यायची तयारी असेल तर. मग त्यानं हिशोब उलगडला. गाळ्याचा मालक वेगळा असतो. मालकानं प्रत्येक वस्तूची तळातली किंमत ठरवून दिलेली असते, तिच्यावर जे मिळेल त्यातून विकणाऱ्याची मजुरी निघते. गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरलाही त्यातलं थोडं जातं, हेही त्यानं न लपवता सांगितलं. "दीड हजारात त्याला काही उरत नव्हतं. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकामं जाऊ नये म्हणून तो हो म्हणाला."

म्हणजे भवानी. आईबरोबर मंडईत गेले की सकाळी भाजीवाल्या मावशी पहिली नोट तराजूला लावून कपाळाला लावायच्या. भवानीच्या वेळी फार ओढाताण करायची नाही, आणि भाव ठरवून पाठ तर अजिबात फिरवायची नाही, हे मला कुणी सांगितलंही नव्हतं, इतकं ते अंगात होतं. विमानात बसताना ते मी कुठं ठेवून आले होते? परक्या देशात गेलं की आपण खेळायला गेलो आहोत असं माणसाला का वाटतं, याचा मी त्या दिवशी नारोकपर्यंत विचार करत होते.

नारोकला जेवायला थांबलो. तिथंही दुकान होतंच, पण मी मागच्या बाजूला गेले. तिथं एकजण झाडाखाली बसून जॅकरंडाचा झेब्रा घडवत होता. हातात वाकस, आपल्या सुताराच्या असतो तसाच, फक्त दांडा आखूड. लाकूड पायाच्या अंगठ्यात धरलेलं. प्रत्येक घावाला बोटाच्या पेराएवढी ढलपी उडत होती, आणि घाव पायाच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर पडत होता. म्पिंगोचंही काम करता का, विचारलं. त्यानं वाकसाची धार माझ्यापुढं धरली आणि दगडावर घासायची खूण केली. म्पिंगोवर धार टिकत नाही. थोडं कोरायचं, परत धार लावायची, परत कोरायचं. पाठीमागं दोन मुली पॉलिश पेपरनं तयार प्राण्यांचे पोट-पाय घासत होत्या. बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत झालेली.

मारातले दिवस प्राणी पाहण्यात गेले, त्यांच्याविषयी इथं लिहीत नाही. एवढंच की गेंडा दिसला नाही. १९७० च्या सुमारास केनियात वीस हजारांच्या आसपास काळे गेंडे होते. शिंगासाठी इतके मारले की १९८० च्या दशकाच्या अखेरीस चारशेही उरले नव्हते. आता संख्या सावरते आहे.

माराच्या सेकेनानी फाटकाशी मात्र भाव करण्याचा दुसराच प्रकार पाहिला. कागदपत्रं होईपर्यंत गाडी उभी राहते आणि मासाई बायका दोन्ही बाजूंनी काचा गाठतात. इथं वही नाही, हाबारी नाही, दहा मिनिटांचा खेळ. मण्यांची कडी, गळ्यातले रुंद चकतीसारखे हार. लाल रंग शौर्याचा, पांढरा दुधाचा, निळा आभाळाचा, असं त्या सांगतात. इथं विकणारीच बहुधा करणारी असते. एका आजींनी माझ्या मनगटात कडं सरकवलं आणि पाचशे म्हणाल्या. मी कडं काढून उलटं केलं. आतल्या बाजूला धाग्याची एकही गाठ दिसत नव्हती. आधी मनाशी ठरवलं, याचे मी किती देईन? चारशे. मग तोंडानं तीनशे म्हटलं. आजी म्हणाल्या चारशे. मी दिले. एवढंच झालं, पण पहिल्यांदा मला आकडा बोलताना पायाखाली जमीन असल्यासारखं वाटलं. त्याच वेळी आमच्यातल्या एकानं पलीकडच्या काचेतून एका मुलीला हजारावरून दोनशेवर आणलं, ती हो म्हणाली, आणि त्यानं काच वर केली. मी त्याला नंतर बोलले. त्याला राग आला, आणि उरलेला प्रवास आम्ही जरा जपूनच बोललो. तरी मला वाटतं, बोलायला हवंच होतं.

घासाघीस वाईट असं मी अजूनही म्हणणार नाही. मागेल ते मुकाट्यानं देऊन चालू लागणं हाही एक प्रकारे त्या माणसाला टाळणंच झालं. तो तासभर बोलायला तयार असतो आणि आपण नोट टेकवून सुटतो. पण पावपटीचं जे गणित आपण एकमेकांना सांगतो, त्यात वस्तूकडे पाहायची गरजच राहत नाही. त्यानं दहा हजार म्हटलं काय नि हजार म्हटलं काय, आपण चारानं भागणार. शिंगाचं टोक कुठं आलंय हे त्या भागाकारात कुठं बसवायचं?

परतीला ड्रायव्हरला कड्यावर थांबायला सांगितलं. दुपारचे दोन वाजले होते, धुकं निवळलं होतं आणि लोंगोनोटचा माथा स्वच्छ दिसत होता. गाळ्यात तोच होता. त्यानं मला ओळखलं नाही. चार दिवसांत किती चेहरे येत असतील. मी हाबारी म्हटलं, त्याची खबर विचारली, माझी सांगितली, पाऊस कधी येणार ते विचारलं. मग म्हटलं, "तुमची वही." त्यानं पानं उलटली आणि ते पान आल्यावर थांबला. माझ्याकडे पाहिलं.

"मी चुकले," मी म्हटलं. स्वाहिलीत समाहानी म्हणतात, तेही म्हटलं.

तो काही बोलला नाही. मागच्या मांडणीवरून गेंडा काढून आणला, पुढ्यात ठेवला. जुन्या पानाला त्यानं हातही लावला नाही. नवं पान काढलं, डावीकडे ६५०० लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं.

मी मनातला आकडा पक्का केला, चार हजार. लिहिलं ३०००. त्यानं मान हलवली, ५५०० लिहिलं. मी ३३००. तो ४८००. मग बराच वेळ तो गेंड्याच्या पाठीवरून बोट फिरवत बसला. मी शिंगावर बोट ठेवून म्हटलं, हे फार सुंदर केलंय. "हो, हे सगळ्यांना दिसत नाही," तो म्हणाला आणि ४२०० लिहिलं. मी ३८००. त्यानं पेन घेतलं आणि गोल काढला.

मी हजाराच्या चार नोटा दिल्या. दोनशे सुटे नव्हते. शेजारी विचारून आला, तिथंही नव्हते. मग त्यानं मांडणीच्या खालच्या खणातून किसीच्या मऊ दगडाचा, अंगठ्याएवढा पाणघोडा काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि भुवया उंचावल्या. चालेल का? "सावा," मी म्हटलं.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, त्यामुळे सगळं जुन्या वर्तमानपत्रातच बांधतात. त्यानं ताइफा लिओचं एक पान फाडून आधी नुसत्या शिंगाभोवती दोन वेढे दिले. मग दुसरं अख्खं पान घेऊन पूर्ण गेंडा गुंडाळला, सुतळी आडवी-उभी बांधली आणि टोकाला पेनानं एक बाण काढला, शिंग इकडे. "मोठ्या बॅगेत टाकू नका, दादा," तो म्हणाला. "हातात धरून न्या."